दहा बोटांविरुद्ध खुलासा

अर्जदार : मी स्वतः. वय बावन्न, धंदा अर्जलेखन, राहणार जळगाव, मूळ गाव धुळ्याकडचे. शिक्षण दहावी, दोन वेळा. नाव मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांना माझे अक्षर ठाऊक आहे, त्यांना नावाची गरज पडत नाही.

सामनेवाले : माझ्या दोन्ही हातांची मिळून दहा बोटे. पैकी उजव्या हाताच्या अंगठ्याविरुद्ध फारशी तक्रार नाही.

साक्षीदार : एक, माझी पत्नी. दोन, माझी मुलगी, जी धुळ्यात फिजिओथेरपी शिकते. तीन, टंकलेखन वर्गाच्या संचालिका, ज्यांना सगळे अक्का म्हणतात. चार, कार्यालयाच्या फाटकाजवळचे चहावाले आबा.

तारखा : नोटीस लागली तो गणपतीच्या आधीचा सोमवार. परीक्षा झाली तो होळीच्या आधीचा शनिवार. मुदत मार्चअखेर.

हकीकत अशी की, जळगावातल्या एका कार्यालयाच्या आवारात, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली, माझे टेबल सत्तावीस वर्षे आहे. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण त्याचा यात दोष नाही. या टेबलावर मी वारसनोंदीचे, रेशनकार्डाचे, बांधाच्या वादाचे आणि हरवलेल्या सातबाराचे इतके अर्ज लिहिले की, काही घराण्यांच्या तीन पिढ्यांची भांडणे माझ्या हस्ताक्षरात आहेत. माझ्या अक्षराला आतल्या लोकांत मान होता. एका जुन्या साहेबांनी माझा अर्ज फेटाळला, पण फेटाळताना म्हणाले, "लिहिलाय मात्र सुंदर." तेवढ्यावर मी पंधरा वर्षे काढली.

गणपतीच्या आधीच्या त्या सोमवारी नव्या साहेबांनी मला आत बोलावले. आतला प्रिंटर बंद पडला होता आणि एक नोटीस तातडीने लावायची होती. "तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात," ते म्हणाले. मी खुर्ची ओढली, पट्टीने समास आखला आणि ते सांगत गेले तसा लिहीत गेलो. आवारात बसणाऱ्या अर्जलेखकांनी मार्चअखेरपर्यंत मराठी टंकलेखनाचे प्रमाणपत्र सादर करावे. हस्तलिखित अर्ज त्यानंतर स्वीकारले जाणार नाहीत. प्रमाणपत्र नसणाऱ्याचे टेबल उचलण्यात येईल. "टेबल उचलण्यात येईल" या शब्दांखाली मी स्वतःहून दोन रेघा मारल्या, कारण महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारायची माझी पद्धत आहे. नोटीस भिंतीवर चिकटवून, चार पावले मागे जाऊन, समास सरळ आला आहे ना हे पाहून मी टेबलाशी येऊन बसलो. त्यानंतर मला ती समजली.

आबा चहा घेऊन आले. त्यांनी नोटीस वाचली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "नाना, स्वतःच्या फाशीचा दोर इतका सुबक वळणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

म्हणून मी अक्कांच्या वर्गात नाव घातले. अक्का पूर्वी कोणत्याशा कचेरीत टंकलेखिका होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत आठ संगणक मांडले आहेत. सकाळी आठच्या तुकडीत मी एकटा पुरुष होतो. बाकी कॉलेजच्या मुली. त्या गप्पा मारता मारता टाइप करीत. मी श्वास रोखून टाइप करीत असे आणि तरी मागे पडत असे. अक्कांचा नियम एकच : डोळे मजकुरावर, बोटांकडे पाहायचे नाही. सत्तावीस वर्षे मी लिहिताना पेनाच्या टोकाकडेच पाहिले होते. बोटांकडे न पाहता लिहायचे म्हणजे पक्षकाराकडे न पाहता जबाब घ्यायचा.

दोन महिने गेले. बोटे दर सकाळी नव्याने शिकत आणि दुसऱ्या सकाळी सगळे विसरून येत. जोडाक्षराची कळ डाव्या मधल्या बोटाची, हे मी त्या बोटाला रोज समजावून सांगे आणि ते रोज शेजाऱ्याच्या घरात शिरे. अक्का माझ्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, तुमची बोटं म्हणजे नव्या गावात बदलून आलेले मास्तर. रोज चौकात उभे राहून शाळेचा पत्ता विचारतात." मुली हसल्या. मी अर्जलेखकाच्या गांभीर्याने समोर पाहत राहिलो.

डिसेंबरातल्या एका सकाळी माझी स्कूटर सुरू झाली नाही. मुलीची शाळेतली लेडीज सायकल अंगणात होती, पुढे जाळीची टोपली असलेली. तीच घेऊन मी वर्गाला गेलो. त्या दिवशी एकाच ओळीवर अख्खा तास घालवला आणि तास संपला तेव्हा ती ओळ सुरुवातीला येत होती तितकीच वाईट येत होती. बाहेर पडताना आठवले की, एका विधवा बाईचा वारसअर्ज मी घरी विसरलो आहे आणि साडेदहाच्या आत तो आत गेला नाही, तर तिला महिनाभर थांबावे लागेल. तेव्हा वर्गापासून घर आणि घरापासून कार्यालय असे अंतर मी उलट्या वाऱ्यात, पेडलवर उभा राहून कापले. पोहोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. त्या बाईने आधी मला पाणी पाजले, मग अर्ज घेतला.

दुसऱ्या सकाळी मी संगणकापुढे बसलो आणि ती कालची ओळ बोटांतून आपोआप निघाली. मी मजकुराकडे पाहत होतो. बोटे खाली परस्पर काम करीत होती, साहेब रजेवर असताना कारकून करतात तसे. अक्का जवळ आल्या. "काल घरी सराव केलात?"

"नाही."

"खोटं बोलू नका, भाऊ. माझ्यापुढे चाळीस वर्षं लोक खोटं बोलत आलेत."

मी प्रथम याचे श्रेय त्या बाईच्या आशीर्वादाला दिले. मग त्या दिवशीच्या मंगळवारला दिले. मुलीला फोनवर सांगितले, तेव्हा ती हसली नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तिने विचारले, "बाबा, सायकल तासाच्या आधी चालवली की नंतर?"

"नंतर. लगेच."

"दमला होतात?"

"मरायला टेकलो होतो."

मग तिने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडतो. हातापायांना नवे काही शिकवले की ते डोक्यात प्रथम ओले असते. त्यानंतर लगेच छाती धडधडेल असा व्यायाम केला, भरभर चालणे, सायकल, पळणे, तर त्या ओल्या मजकुराला पक्के होण्यास मदत मिळते. त्याच दिवशी फरक दिसत नाही. दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने दिसतो. मधली झोपही मोडायची नाही. लकवा झालेल्या माणसांच्या हाताला नवी सवय लावताना त्यांनाही त्यांच्या बेताने सायकल देतात, हे तिने स्वतः पाहिले आहे. "पण बाबा, प्रत्येकाला सारखंच होईल असं कोणी सांगत नाही. आणि तुम्ही आधी रक्तदाब तपासून घ्या."

मी म्हणालो, "हे लेखी दे."

"बाबा, सगळं लेखी नसतं."

"जे लेखी नसतं ते नसतंच."

तिने व्हॉट्सअ‍ॅपवर सहा ओळी पाठवल्या. मी त्यांची प्रिंट काढून त्यावर 'परिशिष्ट अ' लिहिले आणि पाकिटात ठेवली. रक्तदाबही तपासला. त्याचा कागद म्हणजे परिशिष्ट ब.

मला हे सारे पटायला वेळ लागला नाही, कारण माझ्या धंद्यात ते रोज दिसते. दस्त लिहिला म्हणजे झाला असे लोक समजतात. लिहिलेला दस्त नुसता कागद असतो. नोंदणी झाली की तो दस्त होतो, मग सात पिढ्या तो कोणाला पुसता येत नाही. अक्कांच्या वर्गात मी रोज दस्त लिहीत होतो आणि नोंदणी न करताच घरी जात होतो. घाम हा नोंदणीचा शिक्का आहे, असा निष्कर्ष मी काढला. तो बरोबर होता. त्याचे पुढचे कलम माझ्या लक्षात आले नाही, एवढेच.

तेव्हापासून वर्ग सुटला की मी थेट मेहरूणच्या तलावावर जाई आणि त्या लेडीज सायकलवरून जोरात फेऱ्या मारी. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, टोपलीत फाइल. पहिल्या आठवड्यात फिरायला येणारे लोक वाट सोडून बाजूला होत. नंतर त्यांना सवय झाली. एका निवृत्त तलाठ्यांनी ओरडून विचारले, "नाना, कोर्टाचा बेलिफ मागं लागलाय की काय?" मी थांबलो नाही, कारण छाती धडधडत ठेवणे आवश्यक होते. उत्तर मी पुढच्या फेरीत दिले : "सराव चालू आहे!" त्यांनी त्याच्या पुढच्या फेरीत विचारले, "कशाचा?" मी त्याच्या पुढच्या फेरीत सांगितले, "टायपिंगचा!" त्यानंतर त्यांनी काही विचारले नाही.

पत्नीने मात्र स्पष्ट विचारले. मी बूट घालीत असताना ती दारात उभी राहिली आणि तिच्या माहेरच्या बोलीत, जी ती वाद जिंकायचा असला की वापरते, म्हणाली, "शिकनं बोटस्ले शे, मंग पायस्ले कसाले तरास?"

बोटांच्या शिक्षणात पायांना त्रास का, याचे उत्तर म्हणून मी तिला परिशिष्ट अ दाखवले. तिने ते लांब धरून वाचले. "पोर सांगस ते खरं व्हई," ती म्हणाली, "पन ती तुम्हले वळखस का पुरी?"

मुलगी मला पुरती ओळखते का, या प्रश्नाचे महत्त्व मला त्या वेळी कळले नाही.

फरक पडत गेला. जानेवारीत मी मुलींच्या बरोबरीला आलो नाही, पण त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात आलो. त्यांनी मला काका म्हणण्याचे सोडून अक्कांसारखे भाऊ म्हणायला सुरुवात केली, ही मी बढती समजलो. आणि इथेच माझ्या स्वभावातला दोष पुढे आला, तो मी लपवीत नाही.

धड्यातली वाक्ये मला कमी दर्जाची वाटत. 'बाग हिरवी आहे.' 'गाय चारा खाते.' यात अर्जदार कोण, सामनेवाला कोण, मागणी काय? सत्तावीस वर्षे ज्याने मागणीशिवाय वाक्य लिहिले नाही, त्याने गाईने चारा खाल्ल्याची नोंद का करावी? म्हणून तासाची शेवटची वीस मिनिटे मी धडा बाजूला ठेवी आणि मनातला अर्ज टाइप करी. अर्जाचा शेवट तर मी दिवसातून दहा वेळा गिरवी : तरी मेहेरबान साहेबांनी सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून अर्जदारास न्याय द्यावा, ही नम्र विनंती. या वाक्यात जोडाक्षरे बरीच आहेत, सराव चांगला होतो, असे मी स्वतःला सांगत असे. आणि हे वाक्य बोटांत गरम असतानाच मी सायकलवर बसत असे.

अक्कांनी एकदा पडद्यावर वाकून पाहिले. "धड्यातलं करा, भाऊ. परीक्षेत अर्ज येत नाही."

"अक्का, आयुष्यात तर अर्जच येतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं. मग परीक्षा आयुष्याची द्या," म्हणाल्या आणि दुसऱ्या मुलीकडे गेल्या.

फेब्रुवारीत ते वाक्य इतके पक्के झाले की, आबांच्या चहाच्या ग्लासावरही बोटे ते आपोआप वाजवीत. आबा विचारत, "काय म्हणतायत?" मी म्हणे, "न्याय मागतायत."

परीक्षेचे केंद्र धुळ्यात आले. मी पहाटेच्या एसटीने गेलो. मुलगी स्टँडवर थांबली होती. तिने माझी नाडी पाहिली, मी तिच्या हातावरचे घड्याळ पाहिले, आणि आम्ही केंद्राकडे निघालो. केंद्राच्या दाराशी ती म्हणाली, "घाबरू नका, बाबा. बोटांवर सोडा. त्यांना येतं." हे तिने प्रेमाने सांगितले. तिच्यावर माझी कसलीही तक्रार नाही.

उतारा केळीच्या बागेविषयी होता. आमच्या भागात केळीवर परीक्षा घ्यायची म्हणजे माशाला पाण्यावर प्रश्न विचारण्यासारखे आहे. मी मनातल्या मनात हसलो आणि सुरुवात केली. डोळे मजकुरावर, बोटांकडे पाहिले नाही. रोपे लावली, ठिबक टाकले, खत दिले. बोटे सांगितल्याप्रमाणे चालली होती. तिसऱ्या ओळीत वाक्य आले की, उन्हाळ्यात पाणी थोडे कमी पडले तरी बागेभोवती वाऱ्याला आडोसा असल्यास नुकसान टळते.

'तरी' टाइप झाले. आणि मला जाणवले की, बोटांना एकदम वेग आला. इतका वेग मी सहा महिन्यांत कधी अनुभवला नव्हता. कळा एकसारख्या वाजत होत्या, जोडाक्षरे न अडखळता येत होती, मधले बोट आपल्या घरात होते. शेजारच्या परीक्षार्थीने मान वळवून पाहिले. मला वाटले, सहा महिन्यांच्या घामाचे हे फळ. ते होतेच. मी अक्कांचा नियम पाळीत उताऱ्यातल्या आडोशाकडे पाहत राहिलो आणि अभिमानाने डोळे किंचित ओले झाले.

मग मी पडद्याकडे पाहिले. पाणी थोडे कमी पडले तरी मेहेरबान साहेबांनी सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून अर्जदारास न्याय द्यावा, ही नम्र विनंती.

एकही चूक नव्हती.

मी ते खोडायला घेतले. खोडण्याचा सराव मी केला नव्हता, कारण माझ्या धंद्यात खाडाखोड ही बेअब्रू समजतात. डाव्या हाताला घाम आला. परत उताऱ्याची जागा शोधली, ती सापडली, पण पुढच्या परिच्छेदात पुन्हा एक 'तरी' होता. तो मला लांबूनच दिसला. मी सावध झालो, बोटे आवरली, इतकी आवरली की त्यांना काहीच आठवेना. वेळ संपल्याचे सांगण्यात आले, तेव्हा केळीचा घड बाजारात पोहोचायचा राहिला होता.

स्टँडवर मी मुलीला सगळे सांगितले. तिने ओठ दाबले, मग तिला आवरले नाही आणि ती हसली. मग तिने माझा हात हातात घेतला आणि बोटे एकेक करून चोळली, शिकाऊ डॉक्टर करतात तशी. "बाबा, घामाला वाचता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सायकलवर बसायच्या आधी जे दिलंत, तेच त्यानं पक्कं केलं."

हेच ते पुढचे कलम. नोंदणी करणारा दस्तातला मजकूर खरा की खोटा, उपयोगाचा की निरुपयोगी, हे पाहत नाही. कागद पुढे आला की तो शिक्का मारतो. हे मी लोकांना सत्तावीस वर्षे समजावत आलो आहे. स्वतःला सांगायचे राहिले.

घरी पत्नीला काय झाले ते सांगावे लागले नाही. मी बूट काढले, तेव्हाच तिला कळले. तिने भाकरी वाढली आणि म्हणाली, "बोटं बी तुम्हनासारखीच शेतस. कोनी काहीबी इचारो, अर्जच लिखतस." मी हा आरोप मान्य केला. मान्य केल्यावर भाकरी अधिक चांगली लागली.

निकाल लागला. दोन दिवसांनी मी साहेबांकडे गेलो आणि पुढच्या परीक्षेपर्यंत, म्हणजे सहा महिने, टेबल राहू द्यावे अशी तोंडी विनंती केली. साहेब फाइलमधून मान न काढता म्हणाले, "अर्ज द्या. टाइप करून."

मी अक्कांच्या वर्गात गेलो. तासाची वेळ नव्हती, पण त्यांनी मशीन सुरू करून दिले. मी बसलो आणि एक पान अर्ज बोटांनी लिहून काढला. मध्ये एकदाही थांबलो नाही, खाली पाहिले नाही, खोडले नाही. अक्का घड्याळ लावून बसल्या होत्या हे मला नंतर कळले. त्यांनी तो कागद प्रिंटरमधून काढला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि नुसते म्हणाल्या, "या वेगाने मुली पास होतात, भाऊ." ते कौतुक होते की शिक्षा, हे मी विचारले नाही.

साहेबांनी अर्ज वाचला. या वेळी त्यांनी मान वर केली. "कुठून टाइप करून आणलात?"

"मीच केला, साहेब."

"तुम्ही?" त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "मग नापास कसे झालात?"

मी बोलायला तोंड उघडले. सायकल, तलाव, विधवा बाई, गाईचा चारा, सगळे एकदम घशाशी आले. साहेबांनी हात वर केला. "लेखी खुलासा द्या," ते म्हणाले. "एका पानात."

एका पानात ते मावले नाही. जे मावले ते मी सादर केले आहे. जे राहिले ते वरीलप्रमाणे इथे नोंदवले आहे, म्हणजे उद्या टेबल उचलले गेले तरी ते का उचलले गेले, हे कोणाला तरी माहीत असावे. हा 'तरी' मी हाताने लिहिला आहे आणि पुढे वाहवत गेलेलो नाही, याचीही नोंद घ्यावी.

सध्याची स्थिती : भिंतीवरची नोटीस उन्हाने पिवळी पडली आहे, दोन रेघा मात्र अजून ठळक आहेत. टेबलाला आतल्या कोणी हात लावलेला नाही. आबा रोज विचारतात आणि मी रोज "विचाराधीन" असे उत्तर देतो. सकाळचा वर्ग चालू आहे. तासाची शेवटची वीस मिनिटे आता मी केळीच्या बागेला देतो. गाईलाही चारा देतो. त्यानंतर लगेच तलावावर जातो. जुने पुसले जात नाही, नवे त्याच्यावर लिहावे लागते, असे मुलीने कळवले आहे, आणि तेही लेखी, परिशिष्ट क. काल 'तरी' आल्यावर बोटे क्षणभर थांबली, आणि मग बागेभोवती वाऱ्याला आडोसा केला. मी सायकलवर पाच फेऱ्या जास्त मारल्या. निवृत्त तलाठ्यांनी आता माझ्याबरोबर चालायला सुरुवात केली आहे, अर्थात मागून.

मागणी : सबब साहेबांना विनंती की, अर्जदाराची बोटे शिकू शकतात हे सोबतच्या अर्जाने आणि ती चुकीचेही तितक्याच निष्ठेने शिकतात हे परीक्षेच्या निकालाने, अशा दोन्ही बाजूंनी सिद्ध झाले असल्याने, पुढील परीक्षेपर्यंत टेबल जागेवर ठेवण्याचा हुकूम व्हावा. हुकूम होणार नसेल तर तसे कळवावे. ज्या माणसाने इतरांसाठी सत्तावीस वर्षे उत्तरे मागितली, त्याला स्वतःचे एक उत्तर मिळावे. उत्तर छापील असो वा हाताचे, चालेल. हाताचे असल्यास ते लिहायला मी येऊ शकतो. सकाळी दहानंतर, तलावावरून आल्यावर.